गारपीट आणि छाटणी

गेल्या वर्षी एका रविवारी उपासनेत गरुडाची गोष्ट ऐकली. तुम्हीही ऐकली असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर ती वर्षातून दोनदा तरी फिरून येते. गरुड म्हणे सत्तर वर्षे जगतो. चाळिशीला त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसे जड होतात. मग तो उंच कड्यावर जाऊन बसतो, खडकावर आपटून चोच तोडतो, नवी येईपर्यंत थांबतो, तिने जुन्या नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी कोरा करकरीत होऊन पुन्हा झेपावतो. पाळकांनी यशयाचा चाळिसावा अध्याय उघडून ठेवला होता, त्यामुळे गोष्टीला शास्त्राचा टेकू मिळाला. दोन-तीन जणांचे डोळे पाणावले. माझ्या शेजारी बसलेला अकरावी सायन्सचा मुलगा मात्र माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "काका, पाच महिने तो खातो काय?"

त्या मुलाचा प्रश्न हा त्या दिवशीचा खरा उपदेश होता, असे मला अजूनही वाटते. कारण गरुडाची चोच म्हणजे हाडावर चढलेले नखासारखे आवरण. ते सतत वाढते आणि सतत झिजते. मुळापासून तुटली तर पक्षी उपाशी मरतो, आणि त्याला त्यासाठी पाच महिने लागत नाहीत. जंगलातला गरुड साधारणपणे सत्तरीही गाठत नाही. (यशयाने वापरलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ अनेक अभ्यासक गिधाड असा लावतात, पण गिधाडावर उपदेश कोण करणार?)

गरुडाची पिसे खरोखर नवी होतात, पण कशी ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या गरुडाची सगळी पिसे बदलायला वर्षाहून अधिक काळ लागतो. एका वेळी थोडीच गळतात, बहुधा दोन्ही पंखांची जोडीजोडीने, आणि त्यांच्या जागी नवी भरेपर्यंत बाकीची पक्ष्याला तोलून धरतात. म्हणजे तो नवा होत असताना उडत असतो, शिकार करत असतो, पिल्लांना भरवत असतो. कड्यावर जाऊन बसण्याची चैन त्याला परवडत नाही. घर, नोकरी, म्हातारे आईवडील आणि गृहकर्जाचे हप्ते सांभाळत विश्वासात वाढू पाहणाऱ्या माणसाला यातली कोणती गोष्ट जास्त उपयोगी आहे? खरी गोष्ट खोटीपेक्षा चांगली होती, आणि आपण खोटी निवडली. ती का निवडली याचा विचार करताना हा लेख सुचला.

मला वाटते, आपल्याला निसर्गाकडून शिकायचे नसते. आपला धडा आधीच ठरलेला असतो. त्याला लावायला एक चित्र हवे असते. मग फुलपाखरू येते, बांबू येतो, शिंपल्यातला मोती येतो. येशूचे दाखले या जातीचे नाहीत. ते गालीलच्या शेतकऱ्यांसमोर, मच्छीमारांसमोर सांगितलेले आहेत, आणि शेतकऱ्याला शेतीतले खोटे लगेच कळते. त्या दाखल्यांत बी वाया जाते, पाखरे खातात, गव्हात निदण उगवते, झाड तीन-तीन वर्षे फळ देत नाही. आपल्या भिंतींवरच्या सुविचारांपेक्षा हे दाखले शेतकी अधिकाऱ्याच्या अहवालाला जास्त जवळचे आहेत.

मार्काच्या चौथ्या अध्यायात एक अगदी छोटा दाखला आहे, जो बाकी तिन्ही शुभवर्तमानांत सापडत नाही. एक माणूस बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो. इकडे बी रुजून वर येते, आणि कसे ते त्याला ठाऊक नसते. पाते फुटण्यापासून कणीस भरेपर्यंतचे काम जमीन आपल्या आपण करते. ग्रीकमध्ये इथे 'ऑटोमाटे' हा शब्द आहे. आपला 'ऑटोमॅटिक' त्याच घराण्यातला. पीक तयार झाले की माणूस विळा घेऊन येतो. दाखला संपला. यात शेतकरी आळशी नाही: पेरणी त्याची आहे, कापणीही त्याचीच. पण मधला सगळा काळ त्याचा नाही, आणि त्या काळात तो जे सर्वात महत्त्वाचे काम करतो ते म्हणजे झोपणे.

हा दाखला मी उपदेशात फार कमी वेळा ऐकला आहे. कारण उघड आहे. 'आत्मिक वाढी'चे आमचे सगळे वर्ग या मधल्या काळावर चालतात. बारा आठवड्यांच्या अशाच एका वर्गात मी स्वतः तक्ता भरला आहे: आज प्रार्थना किती मिनिटे, वाचन किती अध्याय, किती जणांशी विश्वासाबद्दल बोललो. तक्ता भरण्यात वाईट काही नाही. पेरणीचा हिशेब ठेवावाच. पण तिसऱ्या आठवड्यापासून मी तक्त्यातली बेरीज म्हणजेच वाढ असे धरू लागलो, आणि पाचव्या आठवड्यापासून खोटे आकडे भरू लागलो.

पेरणाऱ्याच्या प्रसिद्ध दाखल्यातही एक तपशील आहे, ज्यावरून आपण घाईने पुढे जातो. सगळ्यांत लवकर उगवते ते खडकाळ जागेवरचे बी, आणि मत्तय कारणही देतो: तिथे माती खोल नसते. आपल्याकडे मुरमाड जमीन कसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पातळ थर पटकन तापतो, मुळाला खाली जायला जागा नसते, म्हणून सगळा जोर वर. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काळ्या रानापेक्षा हेच रान हिरवे दिसते. म्हणजे येशूच्या लेखी वेग ही वाढीची खूण नाही, कधीकधी ती उथळपणाची खूण आहे. आणि आपण साक्ष द्यायला मंचावर कोणाला बोलावतो? तीन महिन्यांत पालटलेल्याला.

नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी मंडळ्यांमध्ये अनेकदा सांगितली जाते: रेल्वेच्या प्रवासात भेटलेला युरोपियन गृहस्थ, त्याने हाती दिलेला नवा करार, आणि १८९५ सालचा बाप्तिस्मा. ती गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षे आपण सांगत नाही, कारण तिथे सांगण्यासारखे 'घडत' काही नाही. घडते ते असे: ताटातूट, माहेरच्यांचे बोल, नवऱ्यावरचा राग, मग पुन्हा एकत्र संसार, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे तसेच. ते सोवळे एका रात्रीत गळून पडले नाही. आतून सैल होत गेले आणि एके दिवशी राहिले नाही. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचताना मला वाटते की मराठी भाषेत आत्मिक वाढीवर लिहिलेले हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक असावे, आणि त्याचे कारण बाईंनी ते आत्मिक वाढीवर लिहिले नाही.

सह्याद्रीत कारवी असते. मुंबईकरांना ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भेटते. पावसाळ्यात हिरवी होते, उन्हाळ्यात नुसत्या वाळक्या काटक्या उरतात, आणि वर्षानुवर्षे हेच. मग साधारण आठव्या वर्षी डोंगरउतार जांभळे होतात. उद्यानात ती २०१६ साली फुलली आणि त्यानंतर २०२४ साली. २०१९ मध्ये तिथे फिरायला गेलेल्याने कारवी फुलत नाही असा निष्कर्ष काढला असता, तर त्याचे निरीक्षण बरोबर होते आणि निष्कर्ष चुकीचा. पण इथेच थांबलो तर मीही गरुडवाल्यांच्या पंगतीला बसलो. कारवी एकदा फुलते आणि मरते. थांबा, तुमचीही वेळ येईल, एवढेच तिच्याकडून घ्यायचे आणि मरण सोडून द्यायचे, हे बरोबर नाही.

आता द्राक्षाकडे येतो, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

आमच्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. थॉमसन वाण, दोन एकर. लहानपणापासून सुट्टीला तिथे जात आलो. पण खरड छाटणी नीट उभे राहून पाहिली ती पंचेचाळिशीत. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी नऊलाच अंगाची लाही. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी मंडपाखाली सरकत होती. कात्रीचा कट्-कट् आवाज, आणि मागे जमिनीवर पडत जाणारी काडी. मंडपाच्या तारांवर पसरलेले ते सगळे, ज्याने जानेवारीत लगडून घड दिले होते, ओलांड्यापर्यंत खाली येत होते. एक-एक डोळा ठेवायचा, बाकी साफ. दुपारपर्यंत बागेत सावली उरली नाही. खोड, दोन हात पसरल्यासारखे ओलांडे, आणि वर नुसत्या तारा आणि आभाळ. कापल्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळत होते.

मी विचारले, "मामा, एवढ्या उन्हात एवढं कापायचं? वेल मरत नाही?"

मामा म्हणाले, "नाही कापली तरी मरत नाही रे. नुसती पसरते. पाला बघायला येशील, घड बघायला येणार नाहीस."

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, हे द्राक्षपट्ट्याबाहेर फारसे माहीत नसते. पॅलेस्टाइनमध्ये थंडीत वेल झोपी जाते आणि तेव्हाच तिची छाटणी होते, वर्षाला एक. आपल्याकडे वेलीला झोप लागावी एवढी थंडी पडत नाही; म्हणून माणूस कात्रीने ऋतू घडवतो. एप्रिलची छाटणी फळासाठी नसतेच. ती असते नवी काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. आणि गंमत अशी की जानेवारी-फेब्रुवारीत जो घड आपण खातो, तो ऑक्टोबरनंतर जन्मलेला नसतो. एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे मे अखेर ते जूनमध्ये, कोवळ्या काडीवरच्या डोळ्याच्या आत तो सूक्ष्म रूपात धरलेला असतो. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून डोळा दिसतो तसाच दिसतो. त्या दिवसांत कडक ऊन लागते. आभाळ आले, पाऊस लवकर आला, की घड धरत नाही, आणि ते तेव्हा कळत नाही. काही शेतकरी ऑक्टोबर छाटणीआधी काड्या घेऊन प्रयोगशाळेत जातात. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि सांगतात: चौथ्या डोळ्यात घड आहे, पाचव्यात आहे, सातव्यात वांझ. त्यावरून कात्री कुठे लावायची ते ठरते.

मला योहानाचा पंधरावा अध्याय तोवर पाठ होता आणि कळला नव्हता. वेल, फाटे, माळी, छाटणी, सगळे शब्द ओळखीचे. पण छाटणी म्हणजे दुःख, दुःख म्हणजे छाटणी, असे एक सरळ समीकरण डोक्यात बसले होते. मामांच्या बागेत ते मोडले. कारण त्याच बागेवर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली होती. त्या वर्षी महाराष्ट्रभर गारांनी काय केले ते आठवत असेल. माल काढणीला आलेला. पंधरा-वीस मिनिटांत मण्यांना चिरा, काड्यांच्या साली सोललेल्या, पाने चाळणी, जमिनीवर गारा आणि द्राक्षे यांचा एकच खच. मी तेव्हा फोनवर मामांचे सांत्वन करताना म्हणालो होतो, "प्रभू छाटणी करतोय, मामा." पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, "ही छाटणी नाही. छाटणारा डोळा बघून कापतो."

या एका वाक्यावर मी दहा वर्षे विचार केला आहे. छाटणीत कापणाऱ्याला वेल माहीत असते. तो कात्री निर्जंतुक करतो, कुठे डोळा आहे ते पाहतो, किती ठेवायचे ते ठरवतो, कापल्यावर तिथेच थांबतो, खत-पाणी करतो आणि पुढचे सहा महिने तिच्या भोवती असतो. गारपिटीला डोळा दिसत नाही. दोन्हींत काडी तुटते, दोन्हींत वेल गळते, दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतील. पण द्राक्षपट्ट्यात कुणीही शेतकरी गारपिटीला छाटणी म्हणत नाही. आम्ही ख्रिस्ती लोक रोज म्हणतो.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा चोवीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला. घरी प्रार्थनेला जमलेल्यांपैकी एकाने तिला सांगितले की प्रभू जी फांदी फळ देते तिचीच छाटणी करतो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्या बाई पुढे दोन वर्षे चर्चची पायरी चढल्या नाहीत. मला त्यांनी एकदाच सांगितले, "माझ्या फळासाठी माझ्या पोराला मारणारा माळी मला नको." यावर उत्तर देण्याची ज्याची तयारी आहे त्याने द्यावे. माझ्याकडे नाही, कारण त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तसा माळी शुभवर्तमानातही नाही.

योहानाचाच मजकूर पाहा. ग्रीकमध्ये फळ न देणारा फाटा काढणे आणि फळ देणारा फाटा छाटणे यासाठी एकमेकांशी यमक जुळणारी दोन क्रियापदे आहेत, 'आयरेई' आणि 'काथायरेई'. दुसऱ्याचा अर्थ स्वच्छ करणे असाही होतो. आणि लगेच पुढच्या वाक्यात येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही स्वच्छ झालेलेच आहात, मी तुमच्याशी जे वचन बोललो त्यामुळे. म्हणजे कात्री कोणती हे त्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. कात्री म्हणजे वचन. ट्रक नव्हे, कर्करोग नव्हे, दारुड्या नवऱ्याचा हात तर नव्हेच नव्हे. बायकोला मारहाण सोसायला लावताना छाटणीचा दाखला देणारे मी ऐकले आहेत. त्यांच्या हातात कात्री कुणी दिली, हे त्यांनी सांगावे.

इथे कुणी इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय पुढे करील, आणि ते योग्यच होईल. देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांना शिस्त लावतो, असा त्याचा आशय आहे, आणि दुःखातून माणूस वाढतो हे नाकारण्याइतका मी लहान नाही. पण दुःखाचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा? पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, आणि शेवटी त्याचा अर्थ त्याने स्वतः लावला. करिंथच्या मंडळीने पत्र पाठवून त्याला तो समजावून दिला नाही. गारपिटीनंतरही वेली फुटतात. मामांची बाग फुटली, दोन हंगाम गेले तरी फुटली. मामा आज म्हणतात की त्या वर्षाने आपल्याला शिकवले. ते म्हणू शकतात. मी फोनवर म्हणू शकत नव्हतो.

मग माणसाची खरी छाटणी कशी दिसते? माझा अनुभव फार किरकोळ आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. मंडळीच्या समितीत मी अकरा वर्षे होतो. एका बैठकीनंतर, चहाचे कप गोळा करता करता, तिशीतली एक सभासद मला म्हणाली, "काका, तुम्ही बोलायला लागलात की आम्ही सगळे घड्याळ बघतो." एवढेच. त्यात न गार होती, न गडगडाट. पण तिने डोळा बघून कापले होते. पुढच्या निवडणुकीत मी उभा राहिलो नाही. पहिले वर्ष मंडप उघडा पडल्यासारखे गेले. रविवारी कुणी काही विचारायला येत नव्हते. मी नुसता मागच्या बाकावर बसून ऐकू लागलो. त्यातून काही फळ आले की नाही, ते माझ्या बायकोला विचारा.

गव्हाच्या दाण्याचा दाखलाही असाच नीट पाहायला हवा. जमिनीत पडून मेल्याशिवाय दाणा एकटाच राहतो, असे येशू म्हणतो, आणि वनस्पतिशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी म्हणेल की मेलेला दाणा रुजत नाही. दोघेही खरे बोलतात. दाण्यातला अंकुर जिवंतच असतो. संपतो तो त्याच्याभोवतीचा पिठाचा साठा, जो पहिली मुळी आणि पहिले पान जगवण्यात खर्ची पडतो. काही दिवसांनी उकरून पाहिले तर हाती फक्त रिकामे टरफल लागते. म्हणजे येशूने ज्याला मरण म्हटले त्याला बियाण्याच्या भाषेत साठा खर्च होणे म्हणता येईल. मला हे जास्त कठीण वाटते. विश्वासासाठी मरू असे तारुण्यात सहज म्हणता येते. साठवलेले खर्च करणे पन्नाशीत जड जाते.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. निसर्गात द्राक्ष आहे तसे दवबिंदूचे झाडही आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात गुडघे टेकून पाहिले तर बोटाएवढे लाल झाड दिसते. त्याच्या चिकट केसांवर माशी बसली की ते हळूहळू तिच्याभोवती मिटते आणि तिला पचवते, कारण तिथल्या पातळ मातीत त्याला पुरेसे नत्र मिळत नाही. यातून कोणता आत्मिक धडा घ्यायचा? हवा तो घेता येईल, आणि अडचण तीच आहे. निसर्ग स्वतःहून काही शिकवत नाही. येशूने मोहरी घेतली, अंजीर घेतले, चिमण्या घेतल्या, आणि ससाणा चिमणीचे काय करतो ते घेतले नाही. निवड त्याची होती. दाखला ही निसर्गाची साक्ष नसते. ते बोट दाखवणे असते, आणि बोट कुणाचे आहे याला महत्त्व आहे. म्हणून मी निसर्गाला दुसरे बायबल म्हणायला बिचकतो.

तरी नीट पाहणे उरतेच, आणि नीट पाहणे ही भक्ती असू शकते. ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा अगस्तीनी संन्यासी होता. शिक्षकाच्या परीक्षेत नापास झालेला. १८५६ पासून सात-आठ वर्षे त्याने मठाच्या बागेत वाटाणे लावले, हाताने परागण केले, हजारो झाडे मोजली, गोल दाणे किती, सुरकुतलेले किती. वाटाण्यावरून उपदेश करायचा मोह त्याला झाला असेल तर त्याने तो आवरला. १८६६ साली निबंध छापून आला आणि फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मेंडेल १८८४ साली वारला. १९०० साली तो निबंध पुन्हा सापडला आणि आनुवंशशास्त्र उभे राहिले. बी टाकले आणि झोपला, कसे वाढले ते त्याला ठाऊक नाही. मार्काच्या दाखल्याला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि ते ज्याचे आहे त्याने झाडाकडून काहीही मागितले नव्हते. फक्त मोजले होते.

निसर्गाचे दाखले द्यायचे तर निसर्ग जागेवर असावा लागतो, हे आता सांगण्याची वेळ आली आहे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत उडी घेतली, तेव्हा धर्मगुरूने झाडांच्या आणि विहिरींच्या भानगडीत कशाला पडावे, असे म्हणणारे होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढून तोच विषय साऱ्या कॅथलिक जगापुढे ठेवला. रानातल्या फुलांवर सुंदर उपदेश द्यायचा आणि त्याच रानाचे प्लॉट पाडून विकणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवायचे, हे आपण बरेच केले. मामा सध्या एकच तक्रार करतात: कोणता महिना कशासाठी, हेच राहिले नाही. जूनमध्ये ऊन हवे तेव्हा आभाळ, आणि जानेवारीत आभाळ नको तेव्हा पाऊस.

लूकच्या तेराव्या अध्यायात दोन गोष्टी लागोपाठ येतात, आणि त्या आपण नेहमी वेगळ्या वाचतो. आधी लोक येऊन येशूला मेलेल्या माणसांबद्दल सांगतात, आणि तो शिलोहाच्या बुरुजाची आठवण काढतो: बुरूज पडला आणि अठरा माणसे चिरडली. ते इतरांपेक्षा पापी होते का? नाही, असे तो स्पष्ट सांगतो. ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे बजावतो, पण मेलेल्यांच्या माथी काही मारत नाही. गारपीट ही गारपीट. आणि त्याला लागूनच तो अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. मालक तीन वर्षे फळ शोधतो, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, एवढे वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. यात माळ्याच्या हातात कात्रीसुद्धा नाही. फावडे आहे आणि शेण आहे. पुढच्या वर्षी अंजीर लागले का, ते लूकने लिहिलेले नाही.

मामांच्या बागेत विहिरीकडच्या चार ओळी दोन वर्षे घड धरत नाहीत. टोळीचा मुकादम म्हणाला, काढून टाका, नवी रोपे लावा. या एप्रिलमध्ये मामांनी त्या चार ओळींचीही बाकीच्यांबरोबर खरड छाटणी करून घेतली, बुंध्याशी चर काढून शेणखत भरले. काड्या आता पिकत आल्या आहेत. डोळे तपासायला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यायच्या आहेत.